चॉकलेटची शिकवणी आणि आबांचं गुऱ्हाळ

श्रोतेहो, बेल्जियमच्या मातीत कोकोचं झाड उगवत नाही. कोकोला विषुववृत्ताच्या आसपासची उष्ण, दमट हवा लागते. बेल्जियममध्ये वर्षातले कितीतरी दिवस आभाळ झाकोळलेलं आणि अंगात स्वेटर. जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तरीही चांगल्या चॉकलेटला आपण घानाचं चॉकलेट म्हणत नाही, बेल्जियन चॉकलेट म्हणतो.

आता आमच्याकडे बघा. उजनी धरणाच्या काठच्या गावांत नजर जाईल तिथवर ऊस आहे. पण त्या उसापासून झालेल्या एखाद्या पदार्थाला आमच्या गावाचं नाव चिकटलेलं आहे का? नाही. माल एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे, हे का होतं, याचा विचार माझ्या मनात सुरू झाला तो परदेशातल्या एका शिकवणीत. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमा नदीवर धरण बांधलं, ते १९८० साली पुरं झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. हे पाणी माढा, करमाळा आणि पलीकडे इंदापूर, दौंड, कर्जत एवढ्या तालुक्यांत पसरलेलं आहे. माझं माहेर करमाळा तालुक्यातलं, या पाण्याच्या काठावरचं. काठावरचं म्हणजे आताचं. जुनं गाव पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पलीकडच्या अंगाला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला लोक होड्या करून जातात. आमच्या बाजूला दिसतात ते चार काळेठिक्कर दगड. ते आमच्या आजोबांच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाचे.

त्या चुलवाणापाशी आमचे थोरले चुलते, आबा, गुळव्याचं काम शिकले. गाव उठलं, वर माळावर नवं गावठाण बसलं. पुढे धरणाचं पाणी उपसून शेतात आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे कारखाने. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या आज तिसाच्या वर आहे. ऊस कारखान्याला घालायचा, काट्यावर वजन करायचं आणि बिलाची वाट बघायची, ही रीत पडली. आबांनी मात्र नव्या जागी पुन्हा चुलवाण बांधलं. बैलांच्या जागी विजेवरचा चरक आला, एवढाच फरक. आज आबांचं वय ब्याऐंशी आहे आणि थंडीच्या दिवसांत पहाटे ते अजून काहिलीपाशी उभे असतात.

आता बेल्जियमकडे वळते. माझी मुलगी आणि जावई ल्युव्हेन नावाच्या गावात नोकरीला आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर २०२४ च्या ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे गेले. मुलगी म्हणाली, “आई, संग्रहालयं पुष्कळ झाली. आता तुला शिकायला पाठवते.” आणि तिने ब्रुसेल्समधल्या एका छोट्या दुकानाच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या चॉकलेटच्या वर्गात माझं नाव घातलं. अडीच तासांचा वर्ग, फी आपले साधारण साडेचार हजार रुपये. आकडा ऐकून मी गप्पच झाले. जन्मभर वर्गावर शिकवलेल्या बाईला अडीच तासांचे कुणी एवढे देतं, हे पचायला वेळ लागतो.

आम्ही नऊजण होतो. कुणी जपानचे, कुणी स्पेनचे, एक डच आजीबाई नातवाला घेऊन आलेल्या. सगळ्यांना ॲप्रन दिले, हात धुवायला लावले. शिकवणारी मुलगी तिशीतली. तिने आधी प्रत्येकाच्या तळहातावर कोकोची एकेक भाजलेली बी ठेवली. “फोडा, टरफल काढा, चावून बघा.” बी कडू लागते, तुरट लागते, आणि चॉकलेटची आठवण फार उशिरा येते. मग तिने सांगितलं की दुधाच्या चॉकलेटमध्ये निम्म्याच्या आसपास साखरच असते. मी मनात म्हटलं, म्हणजे निम्मं आमचं! पण तिथली साखरही उसाची नसते, बीटाची असते. तिनेन नावाचं त्यांचं एक गाव एकोणिसाव्या शतकापासून बीटाच्या साखरेसाठीच ओळखलं जातं.

मग खरं काम सुरू झालं. चॉकलेट नुसतं वितळवून साच्यात ओतलं की वडी होते, असा आपला समज असतो. वडी होते, पण चांगली होत नाही. कोकोतला जो स्निग्ध भाग असतो, तो गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकतो. त्यातला एकच प्रकार कारागिराला हवा असतो. तो साधला की चॉकलेट चकाकतं, मोडताना टक् असा आवाज होतो आणि बोटांवर न वितळता जिभेवर वितळतं. तो साधण्यासाठी काळं चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवायचं, मग त्यातला मोठा भाग संगमरवरी ओट्यावर ओतून पसरट पात्याने पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. २७-२८ अंशांपर्यंत उतरलं की परत भांड्यात घालून ३१-३२ पर्यंत आणायचं. याला ते टेंपरिंग म्हणतात. आणि या सगळ्यात पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी अख्खं भांडं घट्ट, रवाळ होऊन बसतं. त्यामुळे ओला हात दिसला की ती मुलगी लांबूनच ओरडायची.

साच्यात चॉकलेट भरून साचा ओट्यावर आपटायचा म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. मग साचा उलटा करून जास्तीचं काढून टाकायचं, की आत पातळ कवच राहतं. त्यात सारण भरायचं आणि वरून झाकण घालायचं. याला तिकडे प्रलीन म्हणतात. याची गोष्टही मजेशीर आहे. १८५७ साली झां न्युहाउस नावाच्या माणसाने ब्रुसेल्समध्ये औषधांचं दुकान काढलं. कडू औषध लोकांच्या गळी उतरावं म्हणून त्यावर चॉकलेटचा थर द्यायला सुरुवात झाली. त्याच्या त्याच नावाच्या नातवाने १९१२ मध्ये औषधाच्या जागी गोड सारण घातलं आणि प्रलीन जन्माला आलं. या नातवाच्या पत्नीने, लुईज अगोस्तिनी यांनी, १९१५ च्या सुमारास त्यासाठी खास खोका तयार केला, कारण कागदी पुडीत प्रलीन दबून जायची. कवच नवऱ्याचं आणि खोका बायकोचा. धंद्याला दोन्ही लागलं.

गोडाच्या या गोष्टीत कडू भागही आहे. राजा दुसरा लिओपोल्ड याने १८८५ पासून आफ्रिकेतला काँगो स्वतःच्या मालकीचा करून तिथल्या माणसांवर भयंकर जुलूम केले; १९०८ मध्ये तो बेल्जियम देशाच्या ताब्यात गेला आणि १९६० साली स्वतंत्र झाला. वसाहतीतून कच्चा माल आणायचा आणि घरी त्याचं मोल वाढवायचं, ही युरोपची जुनी रीत. आजही चॉकलेटच्या किमतीतला फार थोडा वाटा कोको पिकवणाऱ्याच्या हाती जातो. ऊस पिकवणाऱ्या घरातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वर्ग संपता संपता त्या मुलीने दोन बशा पुढे ठेवल्या. एकीत नीट टेंपर केलेले तुकडे, दुसरीत आदल्या दिवशी नुसतेच वितळवून गोठवलेले. दुसरे तुकडे मळकट दिसत होते, त्यांच्यावर पांढुरकी झाक होती आणि मोडताना आवाज होत नव्हता. ती म्हणाली, “आज तुम्ही चॉकलेट करायला शिकला नाहीत. त्याला वर्षं लागतात. आज तुम्ही चॉकलेट बघायला शिकलात.”

श्रोतेहो, हे वाक्य मी तिथून घेऊन आले. वर्गातल्या नऊ जणांपैकी एकही जण घरी जाऊन चॉकलेटचं दुकान काढणार नव्हता. पण नऊही जण यापुढे चॉकलेट घेताना चकाकी बघणार होते, मोडून आवाज ऐकणार होते, आणि चांगल्या मालाला जास्त पैसे का द्यायचे हे कुणी न सांगता समजणार होते. शिकवणीतून ते दुकान आपलं गिऱ्हाईक घडवत होतं. माझ्यासकट सगळ्यांनी जाताना दोन-दोन खोके विकत घेतले, हे वेगळं सांगायला नको.

ल्युव्हेनला परत जाताना आगगाडीत मला सारखे आबा आठवत होते. कारण ती मुलगी जे थर्मामीटर लावून करत होती, ते आबा नुसत्या डोळ्यांनी करतात. उसाचा रस काहिलीत चढला की आधी त्यातली मळी काढायची असते. त्यासाठी भेंडीचं झाड ठेचून पाण्यात भिजवतात. तो चिकट बुळबुळीत द्रव रसात घातला की घाण धरून वर येते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. आंबटपणा मारायला जरासा चुना. मग चिपाडाचा जाळ. साधारण १०५ अंशांना काकवी होते, ११८ च्या आसपास गूळ. पण आबांना अंश माहीत नाहीत. पाकाचे बुडबुडे कसे फुटतात, ते बघतात. मग पळीभर पाक गार पाण्यात टाकतात आणि बोटांनी गोळी वळतात. गोळी पाण्याच्या भांड्याच्या कडेवर आपटून आवाज ऐकतात. चॉकलेटवाल्यांना पाण्याचं भय, आणि आमच्या गुळव्याचा सगळा कौल पाण्यात!

ऊस तोडून फार वेळ पडू द्यायचा नाही, कारण शिळ्या उसातली साखर फुटते आणि गूळ धरत नाही, चिकट राहतो. पाक वाफ्यात ओतल्यावर तो हलवायचा किती आणि थांबायचं कधी, त्यावर कणी ठरते. टेंपरिंग म्हणजे तरी दुसरं काय? गोठणाऱ्या पदार्थाला नीट गोठायला शिकवायचं. त्या मुलीचा ओटा आणि आबांचा वाफा यांत मला भाऊबंदकी दिसली.

मात्र फरक आहे तो गिऱ्हाइकात. आपल्या बाजारात गुळाची परीक्षा एकाच गोष्टीवर होते, ती म्हणजे रंग. पिवळाधमक असला की उत्तम. भेंडी आणि थोड्या चुन्यावर काढलेला गूळ बहुतेक वेळा तपकिरी होतो, कधी जरा काळपट. तो पिवळा करायला हायड्रॉस नावाची गंधकाची पावडर मारतात. काही ठिकाणी गुळात साखरही मिसळतात. आबा पावडर घालत नाहीत. म्हणून व्यापारी त्यांच्या ढेपेकडे बघून नाक मुरडतो आणि क्विंटलमागे भाव तोडतो. वर्षानुवर्षं हे चाललेलं. चुलतभाऊ दर दिवाळीला म्हणायचा, “आबा, पावडर तरी मारा, न्हाईतर चुलवाण तरी पाडा.” ऊस कारखान्याला घालणं सोपं. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये दर ठरवला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणजे मी अडीच तासांसाठी भरलेली फी ही एक टन उसाच्या भावापेक्षा जास्त होती.

परत आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. बेल्जियमची चॉकलेटं खाऊन ते म्हणाले, “ब्येस हाय. पर दातात अडकत न्हाई, मग खाल्ल्यागत कसं वाटंल?” मग मी मूळ मुद्द्यावर आले. आमच्या पाण्यावर डिसेंबरपासून रोहित पक्षी येतात. ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं भिगवणला, कुंभारगावला, आमच्या बाजूला केत्तूरकडे येतात. होडीतून फोटो काढतात, चिलापी माशाचं जेवण जेवतात आणि निघून जातात. त्यातल्या काहींना आपण गुऱ्हाळावर अर्धा दिवस शिकवू, माणशी थोडी फी घेऊ, असं मी म्हटलं.

आबा एकदम गंभीर झाले. “पोरी, गुऱ्हाळावर आल्याला पैकं मागायचं? नदीकाठाला असताना वाटसरू आला तरी त्याला रस पाजून, काकवीची वाटी देऊन लावायचो आम्ही. मोकळ्या हातानं कुनी गेलं न्हाई. आन आता दारात तिकीट लावायचं?”

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. कारण आबांचं म्हणणं खरं होतं. गुऱ्हाळावरचा रस कुणाला विकायचा नाही, ही आमच्या भागाची जुनी माणुसकी. ती मोडून चार पैसे मिळवले तर मिळालं त्याहून गेलं जास्त. दोन दिवस आम्ही बोललोच नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, “आबा, रसाचे पैसे घ्यायचेच नाहीत. रस, काकवी पूर्वीसारखीच द्यायची. पण तुम्ही मला सांगा, तुम्ही गुळव्याचं काम कुणाकडे शिकलात?”

“आमच्या वडलांकडं. बारा हंगाम मागं उभा ऱ्हायलो.”

“मग बारा हंगामांचं मोल काहीच नाही का? मी शाळेत शिकवलं त्याचा पगार घेतला. त्यात कुणाला पाप वाटलं नाही.”

आबा बराच वेळ चुलवाणाकडे बघत बसले. मग म्हणाले, “शिकवायचं घे. पाजायचं न्हाई.” आमचा नियम तिथे ठरला आणि तो अजून चालू आहे.

२०२५ च्या जानेवारीत पहिला रविवार झाला. पुण्याहून आठ माणसं आली, त्यात दोन मुलं. चरकाजवळ कुणाला जाऊ दिलं नाही, काहिलीभोवती दोरी बांधली. उकळत्या पाकाशी खेळ नको. बाकी सगळं त्यांच्या हातांनी. भेंडी ठेचली, भिजवली, पिळली. मळी वर आलेली बघून मुलांनी नाकं धरली, आणि ती काढल्यावर खालचा स्वच्छ रस बघून गप्प झाली. आबांनी तीन वेळा पळी पाण्यात टाकली. पहिल्यांदा पाक विरघळून गेला, दुसऱ्यांदा लोळागोळा झाला, तिसऱ्यांदा गोळी वळली. प्रत्येकाने ती गोळी बोटांत घेऊन बघितली. शेवटी कोमट गुळात शेंगदाणे घालून मुलांनी लाडू वळले.

मग मी ब्रुसेल्सची युक्ती केली. बाजारातला पिवळाधमक गूळ आणि आबांचा तपकिरी गूळ शेजारी ठेवला. आधी वास घ्या, मग मोडा, कणी बघा, मग तोंडात टाका. खाऊन झाल्यावर एक बाई म्हणाल्या, “मग आम्ही इतकी वर्षं पिवळा का घेत होतो?” आबा शांतपणे म्हणाले, “तुमी पिवळा मागत हुता, म्हनून त्यो तसा येत हुता.” त्या दिवशी पहिल्यांदा आबांच्या ढेपा रंगाबद्दल एक शब्द न ऐकता विकल्या गेल्या.

त्या हंगामात असे चार रविवार झाले. फार मोठी कमाई झाली असं मी सांगणार नाही. आमच्या घरचा बहुतेक ऊस अजून कारखान्यालाच जातो आणि पुढेही जाईल, कारण साऱ्या गावाचा ऊस गुऱ्हाळावर गाळता येणार नाही. कृषी पर्यटनाची कल्पना आपल्याकडे नवीनही नाही. बारामतीकडे ती दोन दशकांपासून रुजली आहे आणि राज्य शासनाचं कृषी पर्यटन धोरणही २०२० साली आलं. पण बैलगाडीत बसवणं, हुरडा खायला घालणं वेगळं, आणि पाहुण्याच्या बोटांत पाकाची गोळी देऊन ती ओळखायला लावणं वेगळं. पहिल्याने करमणूक होते. दुसऱ्याने ओळख होते, आणि ओळख झालेला माणूस पुढच्या वर्षी फोन करून विचारतो, “आबांचा गूळ निघाला का?”

आणखी एक गोष्ट घडली, ती मला पैशांहून मोठी वाटते. चुलतभावाचा धाकटा मुलगा, आबांचा नातू, पदविका घेऊन घरी बसलेला. गुऱ्हाळ म्हणजे मागासलेपण असं त्याचं मत होतं. शहरातली माणसं त्याच्या आजोबांच्या तोंडाकडे वहीपेन घेऊन बघत उभी आहेत, हे त्याने चार रविवार पाहिलं. पाचव्या आठवड्यात तो मला म्हणाला, “आत्या, आबांची गोळी कितव्या अंशाला होते, ते मोजून ठेवू का?” त्याने थर्मामीटर आणला. आता आबा गोळी बघतात, नातू आकडा लिहितो. आबा त्या आकड्यांची थट्टा करतात, पण त्याला काहिलीपासून हाकलत नाहीत. दौंड-केडगाव पट्ट्यात आज कितीतरी गुऱ्हाळं परप्रांतातून आलेले कारागीर चालवतात. त्यांची कला चांगलीच आहे. पण आमच्या घरातली कला आमच्या घरात कुणाला तरी यावी, ही माझी इच्छा होती.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या जिल्ह्यात सोलापूरची चादर, मंगळवेढ्याची ज्वारी यांना ते मिळालेलं आहे. उजनीकाठच्या गुळाला ते मिळेल की नाही, या वादात मी पडत नाही. नाव कागदावर येण्याआधी ते खाणाऱ्याच्या जिभेवर यावं लागतं. बेल्जियमने ते पिढ्यान्‌पिढ्या केलं, कोकोचं एक झाड नसताना. आपल्याकडे तर ऊसही आहे आणि आबाही आहेत.

म्हणून श्रोतेहो, येत्या संक्रांतीला तिळगुळासाठी गूळ घ्याल तेव्हा दुकानदाराला रंग विचारू नका. ढेपेचा खडा मोडून बघा, वास घ्या, तोंडात विरघळू द्या. आणि जमलं तर हंगामात एकदा कुठल्यातरी गुऱ्हाळावर जा. रस ते पाजतीलच. तुम्ही गुळव्याला एवढंच विचारा, की पाक झाला हे तुम्हाला कसं कळतं? पुष्कळ वर्षांत त्याला हे कुणी विचारलेलं नसतं.